धुरपाचा कवडसा

"सूर्य कोणत्या दिशेला उगवतो?" मी विचारलं, आणि अख्ख्या शाळेचे हात वर गेले.

पहिली ते चौथी, चार इयत्ता, एक खोली, एक गुरुजी. दुसरे गुरुजी प्रशिक्षणाला गेलेले. प्रश्न मी तिसरीला विचारला होता, पण पहिलीतल्या शेंबड्या पोरांनीही हात वर करून ठेवले होते. बिर्जे गुरुजी बाजूला उभे राहून माझ्याकडे असे बघत होते, जसा सासरा जावयाला आंब्याची अढी उघडून दाखवतो.

मी हात मोजत बसलो नाही. हात कुठला आहे ते बघितलं. बरेच उजवे होते, काही डावे. तपासणीच्या आदल्या दिवशी पोरांना काय पढवायचं असतं ते मला ठाऊक होतं, कारण मीही मास्तरकीतूनच वर सरकलेलो. उत्तर येत असेल त्यानं उजवा हात वर करायचा, येत नसेल त्यानं डावा. म्हणजे साहेबांना वर्ग हुशार दिसतो, गुरुजी उजव्यातला एक हात नेमका उचलतात, आणि सगळ्यांची अब्रू शाबूत राहते. चोराच्या वाटा चोराला ठाऊक. गुरुजी कुणाचं नाव घेण्याच्या आत मी मधल्या ओळीत, खांबाजवळ बसलेल्या एका पोरीकडे बोट केलं. तिचा डावा हात वर होता, पण त्या हातात जीव नव्हता. दोरीवर वाळत घातल्यासारखा तो नुसता लोंबत होता. डोळे खाली, जमिनीवर.

ती उठली. "ठरलेलं न्हाई," म्हणाली.

पोरं हसली. मलाही हसू आलं. "का गं? त्याचीपण बदली होते काय?"

"रोज हुती," ती म्हणाली आणि खाली बसली. बस म्हणण्याची वाटसुद्धा बघितली नाही.

या गोष्टीला आता पुष्कळ वर्षं झाली. मी तेव्हा शिक्षण विस्तार अधिकारी होतो. खेड्यातली जुनी माणसं आम्हाला अजून डिपोटी म्हणत, आणि डिपोटी येणार म्हटलं की शाळेचं अंगण झाडलं जाई, भिंतीवरचे तक्ते सरळ होत आणि कुठलातरी कोंबडा जिवाला मुके. आमचा तालुका घाटमाथ्यावरचा. भात, काजू आणि न संपणारा पाऊस. ही शाळा एका वाडीतली. निम्मी पोरं वाडीतल्या शेतकऱ्यांची, निम्मी वरच्या धनगरवाड्यावरची. पोरीचं नाव हजेरीपटावर द्रौपदी बाळू लांबोर, हाका मारायला धुरपा. वय दहा. तिसरीत दुसऱ्यांदा.

माणसं जमाखर्चात मांडायची मला जुनी खोड आहे. बिर्जे गुरुजींच्या नावे बाजूला बरंच काही निघालं असतं. तोंड फटकळ होतं, पोरांवर 'ढ' असा शिक्का मारायची घाई होती, आणि एकदा मारलेला शिक्का ते पुसत नसत. पण जमेला एक गोष्ट होती आणि ती रोकडी होती: त्यांची घंटा. रेल्वेच्या रुळाचा एक तुकडा वळचणीला टांगलेला, तो ते स्वतः वाजवत, आणि एक मिनिट इकडे नाही की तिकडे नाही. सकाळी रेडिओच्या बातम्यांना मनगटावरचं घड्याळ लावून मगच घराबाहेर पडत. वाडीतल्या बायका त्या घंटेवर चुलीवर भात चढवत. तालुक्यात मी नाना तऱ्हेचे गुरुजी पाहिले, पण इतकी प्रामाणिक घंटा दुसरी ऐकली नाही.

पोरगी खाली बसल्यावर गुरुजींनी मला टेबलापाशी नेलं आणि हळू आवाजात आपलं गाऱ्हाणं सांगितलं. ही पोर त्यांच्या घशातलं हाड होती. पाटीवर अक्षर काढायचं नाही. पाढे म्हणताना तोंड मिटून बसायचं. जागा बदल म्हटलं की खांबाला मिठी मारायची. घंटा झाली की सगळी पोरं बाहेर पळतात, ही एकटी आत बसून राहते आणि जमिनीत चिंचोके रोवते. जमिनीची पार चाळण करून टाकली होती. आता तपासणी आली म्हणून गावकऱ्यांनी जमीन उकरून, चोपून, नव्यानं सारवून घेतली तेव्हा दोन ओंजळी चिंचोके निघाले. ते उकिरड्यावर टाकले, तर त्या दिवसापासून बाईसाहेब बोलायच्याच बंद.

"आज पहिल्यांदा तोंड उघडलं, आणि तेही असं," गुरुजी म्हणाले.

थोडक्यात, त्यांना तिचं नाव कमी करायचं होतं. बापाशी बोलणं झालं होतं, तो दुपारी येऊन तिला घेऊन जाणार होता. पण दहा वर्षांच्या पोराचं नाव असं आपल्या मनानं कमी करता येत नाही. तपासणीच्या शेऱ्यात मी तेवढं एक वाक्य लिहावं, की अभ्यासात गती नाही, पालकांची हरकत नाही. त्यात काही वाकडं नव्हतं. अशी वाक्यं मी अनेकदा लिहिली होती. लिहून झालं की शाळेचा निकाल सुधारतो, गुरुजींची झोप सुधारते, आणि पोर म्हशींमागे जातं.

मी म्हणालो, बघू.

बाकीची तपासणी रिवाजाप्रमाणे झाली. मी पाढे ऐकले, कविता ऐकल्या, पिण्याच्या पाण्याच्या रांजणावर झाकण आहे का ते बघितलं. मग वर बघितलं. डिपोटीनं वर बघितलं की काहीतरी सापडतंच. छपराच्या पाख्यात मधोमध एक कौल फुटलं होतं आणि त्यातून उन्हाची एक काठी तिरकी खाली आली होती. मी चालताचालता सांगितलं, तेवढं कौल बदलून घ्या, पावसाळ्यात पोरांच्या डोक्यावर धार लागेल.

"कौल बदलू नगा."

आवाज मोठा नव्हता, पण खोलीत तेवढा एकच होता. धुरपा उभी होती. या खेपेला डोळे जमिनीवर नव्हते, माझ्यावर होते. गुरुजींनी तिला खाली बसवायला हात उचलला. मी तो हात वरच्यावर थांबवला, दयेपोटी नव्हे, चौकसपणापोटी. साहेबाला तोंडावर नको म्हणणारं माणूस मला त्या नोकरीत क्वचितच भेटलं होतं, आणि जे भेटलं त्याच्याकडे काहीतरी शिल्लक असायची.

मी तिच्याजवळ गेलो आणि विचारलं, का बदलू नको?

तिनं माझ्याकडे बघितलं, मग गुरुजींकडे, मग हिशेब केल्यासारखं पुन्हा माझ्याकडे. गुडघा बाजूला केला. गुडघ्याखाली नव्या सारवणात एकच चिंचोका बसवलेला होता.

"घंटेला हितं येनार त्यो," ती म्हणाली.

"कोण?"

तिनं वर बोट केलं, मग खाली. तिच्यापासून वीतभर अंतरावर जुन्या रुपयाएवढा उन्हाचा कवडसा पडला होता. कौलाचं भोक वेडंवाकडं, पण कवडसा पक्का गोल.

मी गुरुजींना विचारलं, दुपारची सुट्टी कधी? आता होईलच, ते म्हणाले, आणि सवयीनं मनगटाकडे बघितलं. मी म्हणालो, मग तुम्ही बाहेर जा आणि रोजच्यासारखी घंटा द्या. लवकर नाही, उशिरा नाही. गुरुजींना माझा हा पोरखेळ आवडला नसावा, पण साहेब म्हटल्यावर ते गेले. पोरांना हलू नका म्हणून सांगितलं. मी माझी इस्त्रीची पँट सांभाळत त्या पोरीसमोर उकिडवा बसलो. तपासणी करताना मी खाली बसल्याचं वाडीनं कधी पाहिलं नव्हतं. चौथीतली पोरं टाचा उंचावून बघायला लागली.

कवडसा सरकत होता. सरकताना दिसत नव्हता, पण सरकत होता, दूध तापताना साय धरते तसा. मी चिंचोक्याकडे बघायचो तोवर तो थांबल्यासारखा वाटायचा, आणि पुन्हा बघितलं की एक बोट पुढे आलेला असायचा. पोरगी बघतच नव्हती. स्वयंपाक येणाऱ्या बाईनं झाकण न काढता ऐकावं, तशी ती मान खाली घालून बसली होती. कवडशाची कड चिंचोक्याला टेकली. मग अर्धा चिंचोका उजळला. मग पूर्ण. आणि तो काळपट तपकिरी चिंचोका त्या गोलाच्या ऐन मध्यावर निखाऱ्यासारखा चमकला, तेव्हा बाहेर रुळावर टोला पडला.

मी तसाच उकिडवा बसून राहिलो. 

पोरं भाकरी खायला पळाली. गुरुजी आत आले, त्यांनी चिंचोका बघितला, कवडसा बघितला आणि म्हणाले, असेल, योगायोग असेल. ते म्हणाले खरे, पण गेले नाहीत.

मी धुरपाला विचारलं, उद्या कुठे येईल? तिनं दोन बोटं पुढे दुसरी खूण केली. परवा? आणखी दोन बोटं. आणि दिवाळीच्या आधी कुठे होता? त्यावर ती उठली, खांबाला पाठ लावून उभी राहिली, आणि परकराच्या ओच्यातून एक फडक्याची गाठोडी काढली. उकिरड्यावर टाकलेले सगळे चिंचोके तिनं गोळा करून धुऊन ठेवले होते. त्यात काही पांढरे खडेही होते, ओढ्यातले.

मग ती मांडायला लागली.

खांबापासून वितीनं अंतर घेत, मधेच थांबून डोळे मिटून, पुन्हा घेत. एक चिंचोका ठेवला की दुसरा कुठे ठेवायचा याचा तिला विचार करावा लागत नव्हता, फक्त हात पोचवावा लागत होता. पोरांच्या पाट्या, दप्तरं तिनं पायानं बाजूला सारली. ओळ कवडशापासून निघाली, लांब मागल्या भिंतीकडे गेली, तिथं वळली आणि परत फिरली. खिडक्यांना भाकरीसकट पोरांची तोंडं लागली होती, आणि आश्चर्य म्हणजे कुणी चेष्टा करत नव्हतं.

"संक्रांतीच्या अगुदर त्यो हितं भिताडाकडं जातो," ती म्हणाली. एकदा बोलायला लागल्यावर तिचा आवाज बदलला होता. सुगरण पदार्थ सांगते तसा झाला होता. "हितं जागा धरून बसतो जरा. मग माघारी फिरतो. पन आल्या वाटंनं न्हाई."

खरंच होतं ते. जातानाची ओळ आणि येतानाची ओळ यांत मधे चांगलं हातभर अंतर होतं. मी विचारलं, असं का?

"म्हसरं तरी कुठं गेल्या वाटंनं परत येत्यात," ती म्हणाली, आणि मग माझ्या तोंडाकडे बघून तिला बहुधा दया आली. "आदी मला वाटलं, गुरुजी चुकत्यात."

गुरुजी ताठ झाले. त्यांना काहीही म्हणा, घंटेवर बोट ठेवायचं नाही. ते म्हणाले, मी रोज रेडिओला घड्याळ लावतो, रोज. माझी घंटा चुकायची नाही.

"हां," धुरपा म्हणाली. "त्येच. दुसऱ्या साली बी त्यो तसाच गेला आन् तसाच आला. मानूस चुकला तर दरसाली निराळा चुकंल. ह्यो दरसाली सारखाच चुकतोय. मग ती चूक न्हाई."

मी आयुष्यभर चुका काढून पोट भरलं. चूक कशाला म्हणायचं आणि कशाला म्हणू नये, हे मला त्या दिवसापर्यंत कुणी इतकं नीट सांगितलं नव्हतं.

तोवर ओळी तिनं खांबाच्या बाजूला आणल्या होत्या. तिथं त्या एकमेकींजवळ आल्या आणि एकमेकींना ओलांडून गेल्या. आणि तिथून पुढे चिंचोके संपले, पांढरे खडे सुरू झाले. त्यांचं एक लहान पोट तयार झालं आणि मिटलं. वरून बघितलं तर जमिनीवर पुरुषभर लांबीचा इंग्रजी आठाचा आकडा उमटला होता, एक पोट मोठं, एक लहान. शाळा एवढीशी, गुरुजी एक, आणि जमिनीवर हे.

"हे पांढरे का?" मी विचारलं.

"चिंचुकं म्हंजे मी बगितलेलं. खडं म्हंजे न बगितलेलं." उन्हाळ्याच्या सुट्टीत घंटा नसते आणि पावसाळ्यात ऊन नसतं, म्हणून तेवढा भाग तिनं मनानं मांडला होता. पण त्या पांढऱ्या खड्यांच्या ऐन मधे एक एकटाच चिंचोका होता. मी त्याच्यावर बोट ठेवलं. ती पहिल्यांदाच हसली. "आखाडात एकडाव ढग फाटला. घंटेलाच. मी मांडलं हुतं तिथंच पडला."

मी गुरुजींकडे बघितलं. गुरुजी त्या एकट्या चिंचोक्याकडे बघत होते. वर्षानुवर्षं पोरांना येतं ते उजवा हात, येत नाही ते डावा असं शिकवणाऱ्या आम्हा दोघांसमोर एक दहा वर्षांची पोर पाहिलेलं आणि न पाहिलेलं वेगवेगळ्या दगडांनी मांडून उभी होती.

पण गुरुजी हाडाचे मास्तर. त्यांनी शेवटचा प्रयत्न केला. म्हणाले, त्यात काय एवढं, थंडीत दिवस लहान असतो, उन्हाळ्यात मोठा, हे तिसरीच्या पुस्तकातच आहे.

"त्यो उजेडाचा हिशेब," ती म्हणाली. "मी दुपारपासनं दुपारपतुर म्हनतिया. गुरुजींची घंटा बरोबर. सूर्य बी बरोबर. मग काय ऱ्हातंय? दिसच सारकं न्हाईत. एका दुपारपासनं दुसरी दुपार कवा जरा लांब, कवा जरा जवळ. घड्याळ सगळ्यास्नी एकच माप लावतंय."

 मी ते वाक्य डोक्यात तीनदा फिरवलं. प्रत्येक फेरीला ते थोडं जास्त खरं वाटायचं आणि थोडं कमी समजायचं. माझ्या मनगटावर घड्याळ होतं. लग्नात सासऱ्यांनी दिलेलं, भरवशाचं. त्याच्याकडे मी तेव्हा असं बघितलं, जसं आपल्या भरवशाच्या माणसाबद्दल कुणी काही सांगितल्यावर आपण बघतो.

पुढे कधीतरी कोल्हापुरात एका भूगोलाच्या प्राध्यापकांना मी हा आकार कागदावर काढून दाखवला. ते म्हणाले, असा आकार असतो, जाणकारांना ठाऊक आहे, पोरीचं म्हणणं बरोबर आहे. मग चष्मा काढून विचारलं, तिला शिकवला कुणी? मी म्हणालो, घंटेनं. ते हसले नाहीत. धुरपाचं पुढं काय झालं ते तालुक्यात कुणालाही विचारा, सांगतील. ते सांगायला माझी गरज नाही. मला फक्त त्या दुपारचं सांगायचं आहे, कारण त्या दुपारी ते सगळं व्हायचंही राहून गेलं असतं.

कारण बाळू लांबोर येऊन दारात उभा होता.

खांद्यावर घोंगडं, हातात काठी, पायताणं उंबऱ्याबाहेर काढलेली. त्यानं मला रामराम केला, जमिनीवर मांडलेलं सगळं बघितलं, आणि त्याच्या चेहऱ्यावर आलं ते एवढंच, की पोरीनं पुन्हा घाण केली. त्यानं तिला हात केला. चल.

धुरपानं आमच्याकडे बघितलंही नाही. खाली बसून ती एकेक चिंचोका उचलून फडक्यात टाकायला लागली. तिनं रडून गोंधळ घातला असता तर मला बरं वाटलं असतं. ती नुसती आवरत होती, रोजच्यासारखी.

मी बाळूला गाठलं. मला वाटलं, काम सोपं आहे. मी तालुक्याचा साहेब, चार शब्द सांगितले की झालं. मी त्याला सांगितलं की तुझी पोर असामान्य आहे, अशी बुद्धी मी पाहिली नाही, हिला शाळेतून काढणं म्हणजे पाप आहे. तो ऐकत होता. काठीवर हनुवटी टेकून, नम्रपणे, आणि एक शब्द आत न घेता. साहेब लोक वर्षाकाठी एकदा येतात, काहीतरी म्हणतात आणि जातात. त्यानं मलाही माझ्याच वहीत मांडलं होतं, आणि बाकी शून्य काढली होती.

माझं संपल्यावर तो म्हणाला, म्हसरांचा प्रश्न नाही. म्हसरं राखायला त्याचा भाऊ होता. "पन साहेब, ढ पोर बशिवून काय करू? हितं मार खाती, घरी येऊन बोलत न्हाई. पोरगी सुकत चाललिया. तिला कुठंतरी मोकळं सोडलेलं बरं. मी काय अडानी. पोर ढ हाय ते मला गुरुजींनी सांगितलं, म्हणून मला कळलं."

आणि तो गुरुजींकडे वळला. माझ्याकडे नव्हे. त्याच्या हिशेबात या खोलीत खरं सांगणारा माणूस एकच होता, ज्याच्या घंटेवर त्याच्या घरचा भात शिजत होता.

"गुरुजी, तुमी सांगा. पोर ढ हाय का न्हाई?"

मी मास्तर लोकांना चांगला ओळखतो. एकदा शिक्का मारला की मास्तर तो पुसत नाही. आणि इथं तर खिडकीत सगळी शाळा टांगलेली, दारात पालक, समोर साहेब. गुरुजींनी एकदा घसा साफ केला. पुन्हा एकदा केला. मला वाटलं, आता हा माणूस पोरीच्या हट्टाचं काहीतरी सांगणार, आणि सगळं पुन्हा जागच्या जागी जाणार.

"बाळू," ते म्हणाले, "मी सांगितलं ते खोटं हाय. ती ढ न्हाई. तिला हितं काय पुरत न्हाई, म्हणून ती गप बसती."

मग त्यांनी खाली वाकून, धोतराचा सोगा आवरत, धुरपाच्या हातातून ते फडकं काढून घेतलं. तिनं उचललेला पहिला चिंचोका त्यांनी परत जमिनीवर ठेवला. जागा चुकली. तिनं तो उचलून बरोबर जागी ठेवला. त्यांनी दुसरा तिच्या हातात दिला.

 बाळूनं काठी भिंतीला टेकवली. तेवढ्यावरून मी ओळखलं, की नाव कमी होणार नाही.

आता माझी पाळी होती, आणि मी भलत्याच जोरात आलो. मी म्हणालो, ही पोर इथं ठेवण्यात अर्थ नाही. तालुक्याला मुलींचं हायस्कूल आहे, वसतिगृह आहे, विज्ञान शिकवायला कारेकर बाई आहेत, पृथ्वीचा मोठा गोल आहे. सरळ पाचवीत बसवू, परीक्षेचं मी बघतो. आजच्याच एसटीनं हिला माझ्याबरोबर द्या. माझ्या आवाजात एक मालकीची धार आली होती, ती मला स्वतःलाही ऐकू आली. सापडलेली वस्तू आधी आपल्या कपाटात ठेवायची घाई झाली होती मला.

बाळूनं पोरीला विचारलं, जाशील? पोरीनं मला विचारलं:

"त्या शाळंत घंटा येळंवर हुती का?"

तालुक्याच्या हायस्कूलची घंटा शिपायाचा चहा संपला की व्हायची. हे मला माहीत होतं. खोटं बोलायला माझी जीभ एरवी अडखळत नाही, पण पाहिलेलं आणि न पाहिलेलं वेगळं मांडणाऱ्या त्या पोरीपुढे ती अडखळली.

"नाही," मी म्हणालो.

ती विचारात पडली. बाहेर दूर वळणावर एसटीचा हॉर्न ऐकू आला. ती गाडी दिवसातून एकदाच यायची आणि चुकली तर मुक्काम नशिबी. मी फायली बगलेत मारल्या. गुरुजी अजून जमिनीवरच बसले होते, आठाच्या लहान पोटापाशी, पांढऱ्या खड्यांकडे बघत. त्यांनी वर न बघताच हात जोडले. मला कधी कुणी असे हात जोडले नव्हते. बदलीसाठी जोडले होते, बढतीसाठी जोडले होते.

"साहेब, एवढ्यात नेऊ नका तिला. सुट्टी लागंपर्यंत ऱ्हाऊ द्या," ते म्हणाले. "मला अजून कळलं न्हाई."

बाळू लांबोर पहिल्यांदाच मोकळा हसला. "मग झालं तर," तो म्हणाला. "गुरुजींना कळंस्तवर पोरगी शाळंत ऱ्हाईल."

एसटी येऊन दारासमोर उभी राहिली. कंडक्टरनं साहेबांसाठी म्हणून घंटी धरून ठेवली होती. मी खिडकीतल्या पोरांवरून हात काढून त्याला पुढे जा म्हणून खुणावलं, आणि येऊन गुरुजींच्या शेजारी जमिनीवर बसलो. कळलं तर मलाही नव्हतं.